पापाचा काळा खडा

आठ जणी पुढे.

शिलाईच्या कारखान्यात मशीनं बंद, खिडक्या बंद, आवाजही बंद. बोलत होता तो फक्त मालकिणीनं बोलावलेला बाबा. प्रत्येकीच्या पदराची बोटभर चिंधी कापायची, चिमट्यात धरायची, मेणबत्तीवर न्यायची.

"निष्पाप असेल तिची राख! पापिणीचा काळा खडा! माणूस खोटं बोलेल बायांनो, कापड बोलणार नाही!"

आठवड्यात तिघी मशीनवर चक्कर येऊन पडल्या होत्या. कुणीतरी करणी केली, असं तिच्या मनानं घेतलं होतं. जिचा खडा पडेल तिनं वितळता थेंब तळहातावर झेलायचा, मग चालतं व्हायचं.

रांगेत नववी काजेवाली, शर्टांना काजं करणारी. तिच्या दोन हातांवर घर चालत होतं.

चार जणी पुढे.

पहिल्या तिघींच्या चिंध्यांची राख झाली. सगळ्यांनी हात जोडले. चौथी बटनवाली. तिची चिंधी आक्रसली, वितळली, आणि ती किंचाळली. थेंब हाताला चिकटला होता, पुसता येईना.

"बघा! पाप कसं सोडत नाही!"

काजेवालीनं डोळे गच्च मिटले. नाक मात्र मिटता येत नाही. हा वास... गरम इस्त्री टेरिलीनवर राहिली की येतो तोच!

तिनं डोळे उघडले. आता तोंडं नाही, नुसत्या साड्या पाहिल्या.

सुती. राख होणार. झाली.
सुती. राख. झाली.
टेरिलीन.

तिला कळलं होतं, आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसरी किंकाळी.

सुती. राख.

पुढे कुणी नाही.

तिच्या स्वतःच्या अंगावर नायलॉनची साडी. तासाभरात वाळते, इस्त्री लागत नाही, म्हणून घेतलेली.

"पदर पुढे कर गं."

"आधी... आधी माझ्या पोलक्याची चिंधी घ्या."

"पदरच लागतो!"

"का? पाप पोलक्यात मावत नाही?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिनं सुती बाहीची कड कापली, चिमटा ओढून घेतला. राख. मग पदर. काळा खडा फरशीवर टपकला.

"एकच बाई, बाबा. पापी की निष्पाप?"

"जीभ झडेल तुझी!"

ती कोपऱ्यात मान खाली घालून उभ्या कटिंग मास्तरांकडे वळली. "मास्तर, कापडाचा नवा तागा आला की तुम्ही काय करता?"

"धाग्याला काडी लावून बघतो," मास्तर पुटपुटले. "सुती कापडाची राख होते, जळक्या कागदाचा वास येतो. नायलॉन, टेरिलीन वितळतं. त्याचा मणी होतो."

"मग इतका वेळ दातखीळ बसली होती?"

"घाबरलो गं, ताई. रोज करतो तेच, पण बाबाच्या हातात वेगळं वाटलं."

भाजलेल्या दोघींचे हात नळाखाली धरले गेले. बाबा तोवर जिन्यावर होता. खिडक्या उघडल्यावर चकरांचं कोडंही सुटत गेलं: कोंदट खोली, आणि घाम न शोषणारं कापड अंगाला लपेटून दहा-दहा तास शिवण.

कृत्रिम धागा पाप ओळखत नाही. तो रसायनांपासून बनतो, आच लागली की वितळतो आणि कातडीला चिकटतो. म्हणून तर शेगडीपाशी सुती कपडे घालायचे.

असा चमत्कार पाहिलात तर भीती वाटेल. वाटू द्या. घाबरत घाबरत का होईना, विचारा: कापड कुठलं? मात्र पहिल्या बाईच्या वेळीच विचारा. नववीपर्यंत थांबलं, तर मधल्या दोघींचे हात भाजलेले असतात.