सपाट रानातलं वळण

मी पिंपरखेलचा रस्ता बोलतोय. मान वर करून बोलावं अशी माझी परिस्थिती नाही, तेव्हा खाली बघूनच बोलतो. श्रीगोंद्याहून मी निघतो, घोडकेवाडीच्या कडेनं ओढ्यापर्यंत येतो आणि ओढा ओलांडून पिंपरखेलच्या वेशीत संपतो. लांबीनं मी काही फार नाही. पण ओढ्यापाशी माझ्या अंगात एक वळण आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरं छावणीत होती आणि माणसं रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खात होती. सरकारनं दुष्काळी कामं काढली, तेव्हा दोन्ही गावांनी मिळून विचार केला की नुसते खडीचे ढीग कशाला लावायचे, रस्ताच करून घेऊ. मजुरी सरकारची आणि जमीन गावांची. घोडकेवाडीचे सरपंच कानिफनाथ बांधाबांधानं फिरले आणि शेतकऱ्यांकडून पट्टी पट्टी जमीन सोडवून घेतली. पिंपरखेलच्या सरपंचांनी, आप्पासाहेबांनी, तालुक्याला खेटे घालून ओव्हरसियर आणला. जत्रेतल्या एका कुस्तीवरून ही दोन गावं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. ती माझ्यासाठी एका पालाखाली बसून चहा प्यायली. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

ओव्हरसियरनं चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. ओढ्यात जिथं खडक उघडा आहे तिथून पार होऊन, बौद्धवस्तीच्या अंगणाला लागून, थेट गावाकडे. या रेघेत वस्तीतल्या लंकाबाईच्या घराचा ओटा येत होता. लंकाबाई खडी फोडणाऱ्या टोळीत होती. ती आता कटकट करणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी आपणच पहार घेतली आणि ओटा काढायला लागली. शेजारीण हळहळली, तर तिला म्हणाली, "वट्याचं काय घिऊन बसलीस? चांगुणा सातवीला हाय. फुडची शाळा श्रीगोंद्याला. यष्टी दारातनं गेली तर पोरगी शिकंल, न्हाई तर माझ्याशेजारी बसून खडी फोडंल."

ओट्याचे दगडसुद्धा तिनं फोडले आणि माझ्यासाठीच्या ढिगात टाकले.

रेघ वस्तीपर्यंत गेलीय हे गावात कळलं आणि पारावर कुजबुज सुरू झाली. आप्पासाहेब काही वाईट माणूस नव्हेत. माझ्यासाठी त्यांनी जोडे झिजवलेत. पण त्या दिवशी ते ओव्हरसियरला म्हणाले, "साहेब, नवरदेव गावात आला की आदी मारुतीला जातू, मग मांडवात. आमची ही पयली यष्टी हाय. ती आदी वस्तीत जाऊन मग मारुतीला यील, ह्ये बरं दिसत न्हाई. रस्ता खालच्या अंगानं घ्या."

"आप्पासाहेब, खालच्या अंगाला काळवट माती हाय," कानिफनाथ म्हणाले. "पानी आलं की चाक बसंल."

"कुठलं पानी? तीन साल वड्यानं वल दावली न्हाई."

सगळे हसले. कानिफनाथही हसले आणि गप्प बसले. इतक्या वर्षांनी जुळलेलं नातं पुन्हा तुटायला नको, असं त्यांना वाटलं असेल. तीन वर्षं कोरडा ओढा बघून माणसं ओढ्यात पाणी येतं हेच विसरली होती. त्यांना फक्त मारुतीचा मान आठवत होता.

लंकाबाईला कोणी सांगायला गेलं नाही. सकाळी ती कामावर आली, तर नवी रेघ ओढ्याच्या पलीकडूनच वळून खाली गेलेली. तिनं रेघेकडे बघितलं, मग आपल्या उघड्या पडलेल्या दाराकडे बघितलं आणि हातोडा घेऊन बसली. तिच्या ओट्याची खडी त्या वळणातच पडली. ती अजून माझ्या पोटात आहे.

जूनमध्ये यष्टी आली. तिला आंब्याची पानं बांधली, मारुतीपुढं नारळ फोडला. गाव पाराच्या सावलीत उभा होता आणि वस्तीची माणसं उन्हात. चांगुणा पाटी-दप्तर पोटाशी धरून त्यांच्यातच उभी होती. सगळे इतके खुशीत होते की मीही क्षणभर लाज विसरलो.

आठवडा झाला नसेल, ओढ्याला पाणी आलं. वळणावर यष्टीची चाकं आसापर्यंत रुतली. बैल जुंपले, दोर लावले, तेव्हा कुठं ती निघाली. रस्ता पक्का होईपर्यंत गाडी येणार नाही, असं सांगून ड्रायव्हर गेला. शाळेत नाव घालायची वेळ निघून गेली आणि चांगुणा आईशेजारी बसून खडी फोडू लागली. लंकाबाईला ज्याची भीती होती तेच मी करून दाखवलं.

दिवाळीनंतर आप्पासाहेब लंकाबाईच्या दारात आले. ओटा नव्हता, त्यामुळे बसायला जागा नव्हती. ते उभ्यानंच म्हणाले, "लंका, टोळी घिऊन ये. वळण पक्कं करायचंय."

"रेघ कुठली धरायची?"

"हाय तीच."

तिनं आतल्या माठाकडे बघितलं. मग म्हणाली, "उन्हातनं आलाव. पानी देऊ का?"

"नको. आत्ताच प्यालोय." त्यांचे ओठ सुकलेले होते. ते मला दिसत होतं, तसं तिलाही दिसत होतंच.

"यीन मी," ती म्हणाली. "पोरीची शाळा हाय."

आणि ती आली. त्याच वळणासाठी तिनं पुन्हा खडी फोडली. तिनं नाही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता यष्टी रोज येते. चांगुणा एक वर्ष मागं पडली, पण जाते श्रीगोंद्याला. वेशीतल्या थांब्यावर मात्र ती जात नाही. सकाळी घरातून निघते, खडकावरून ओढा उतरते आणि वळण जिथं सुरू होतं तिथं पलीकडच्या काठावर उभी राहते. तिथं गाडी थांबवायला कानिफनाथांनी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. तेव्हा गप्प बसले होते, त्याची ही त्यांची भरपाई. चांगुणाच्या पायांनी तिथं पायवाट पडली आहे, अगदी पहिल्या फक्कीच्या रेघेवर. मी जिथून जायचं होतं तिथून आता ती जाते.

नवा प्रवासी असला की वळणावर हटकून कंडक्टरला विचारतो, "इथं एवढा वळसा कशाला?" कंडक्टर तिकिटं फाडत म्हणतो, "असंल काहीतरी आडवं."

तुम्ही कधी या गाडीनं आलात तर त्याचं ऐकू नका. आडवं काही नव्हतं. डोंगर नव्हता की विहीर नव्हती. लंकाबाईचं घर होतं, आणि तिनं ओटा आधीच काढून ठेवला होता.