भोकाच्या पैशांची खंजिरी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. एक मोठी बंद खोली आहे. छत्तीस वादक आहेत. मधोमध एकच मायक्रोफोन आहे, आणि एक जण चुकला की सगळ्यांनी गाणे पहिल्यापासून सुरू करायचे. मायक्रोफोनपासून सगळ्यात लांब, दाराजवळ, जमिनीवर खडूची फुली काढलेली आहे. त्या फुलीवर लासूर स्टेशनचा एक बावीस वर्षांचा तरुण उभा आहे. त्याच्या हातात मी आहे.

मी एक जुनी खंजिरी आहे. गोड बोलणे मला जमत नाही, हे आधीच सांगते.

मला लासूरच्या सांडू मिस्त्रीने घडवले. आंब्याच्या लाकडाचे कडे, शेळीचे कातडे आणि कड्याच्या खाचांत पितळी चकत्यांच्या जोड्या. चार जोड्या झाल्या आणि पितळ संपले. मग पाचव्या खाचेत त्याने निजामाच्या राज्यातले दोन भोकाचे पैसे बसवले. ते बाजारात चालत नव्हते आणि मधे भोक आयतेच होते. पितळ 'छन' म्हणे, पैसे 'ठक' म्हणत. माझ्या मालकाला, अप्पाराव खरातला, ती ठक फार आवडे. जयंतीला भीमगीतांच्या मेळ्यात लोक तिच्यावरच टाळी देत.

मेळा एकदा मुंबईला गेला. तिथे सिनेमाच्या गाण्यांत वाजवणाऱ्या एका ढोलकवाल्याने अप्पारावला ऐकले. त्याच्या वाद्यवृंदातला खंजिरीवाला तापाने पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या फुलीवर उभे होतो.

पहिल्याच तालमीत संगीतकारांनी हात वर केला. "ये टीन का डब्बा कौन बजा रहा है?"

सगळे वळून पाहू लागले. अप्पारावला हाकलणारच होते, पण दुसरा माणूस मिळेना. शेवटी हुकूम झाला, ती पाचवी जोडी अंगठ्याने दाबून धर. त्याने धरली. तेरा वेळा गाणे कुठे ना कुठे मोडले. चौदाव्या वेळी गाणाऱ्या बाईंचा आवाज असा लागला की व्हायोलिनवाले श्वास रोखून वाजवत होते. अंतऱ्याच्या शेवटी सगळी वाद्ये थांबायची आणि मी एकटीने तीनदा वाजायचे. छन, छन... आणि घामाने अंगठा घसरला. ठक.

बाईंचा तसा आवाज पुन्हा लागला नसता, म्हणून ती ठक गाण्यात राहिली. संगीतकार अप्पारावला एवढेच म्हणाले, "दोबारा सूरत मत दिखाना."

पडद्यावर वादकांची नावे नव्हतीच. चित्रपट मात्र वर्षभर चालला, आणि नेमक्या त्या जागी लोक खुर्चीच्या दांडीवर बोटाने ठक करू लागले. आजही करतात. मी आता अप्पारावच्या पुंडलिकनगरातल्या घरात कपाटावर धूळ खात असते.

गेल्या महिन्यात इथल्या जुन्या गाण्यांच्या मंडळाचा कार्यक्रम झाला. अप्पाराव मला पिशवीत घालून घेऊन गेला. मंडळाचे प्रमुख व्यंकटराव यांच्याकडे शेकडो तबकड्या आहेत, आणि एक जाड वही. कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवले, हे ते चाळीस वर्षे तीत लिहीत आले आहेत. त्यांनी आमचे गाणे लावले आणि विचारले, "ही ठक कशाची, कोणी सांगेल?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा अप्पाराव उठला. "ती माझी चूक हाय, साहेब. खंजिरी व्हती."

"आजोबा, हा लाकडी ठोकळ्याचा आवाज आहे. आणि माझ्या वहीत तुमचं नाव नाही."

"वहीत नसंल. मी व्हतो तिथं."

"मग उद्या म्हणाल, गाणंही मीच म्हटलं. बसा."

सभागृह हसले. घरी आल्यावर अप्पारावचा मुलगा राजकुमार म्हणाला, "लई झालं, बाबा. माझ्या बँकेतली माणसं होती तिथं."

"म्या खोटं बोललो का?"

"कुणाला ठाऊक? आईसुद्धा हसायची ही गोष्ट ऐकून."

राजकुमारने मला रद्दीच्या गठ्ठ्यावर फेकले. रविवारी भंगारवाला येणार होता. अप्पारावने त्या दिवसापासून घरात बोलणेच सोडले. जेवताना भाजी हवी की नको, हेही तो हातानेच सांगे.

शनिवारी दुपारी राजकुमारच्या नऊ वर्षांच्या मुलीने, करुणाने, मला दप्तरात कोंबले आणि ती दोन गल्ल्या ओलांडून व्यंकटरावांचा जिना चढली.

"कोणाची गं तू?"

"खोटं बोलणाऱ्या आजोबांची. ते गाणं लावा."

"मला वेळ नाही."

"लावा की हो," आतून त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणाल्या. "एरवी दिवसभर भिंतींना ऐकवताच."

गाणे लागले. छन, छन... करुणाने मला तळहातावर आपटले. तबकडीतली ठक आणि माझी ठक एकाच वेळी पडल्या. दोन आवाज आहेत, हे कळलेच नाही. व्यंकटरावांनी सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा तसेच. मग त्यांनी मला हातात घेऊन फिरवले.

"भोकाचा पैसा," ते पुटपुटले. लगेच त्यांचा आवाज कडक झाला. "योगायोग असेल. वहीत असं कोणाचंही नाव घालता येत नाही."

"वही दाखवा."

त्यांनी पान उघडले. व्हायोलिन, सतार, ढोलक, पुढे नावे. मग 'खंजिरी', आणि पुढे कोरी जागा.

"इथं तर कुणाचंच नाव नाय," करुणा म्हणाली. "हे का नाही सांगितलं सगळ्यांसमोर?"



मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. पण कोणी म्हातारा 'मी तिथं होतो' म्हणाला, तर हसण्याआधी त्याची वस्तू एकदा वाजवून पाहा.

करुणाने दप्तरातून पेन काढले. "हात लावू नकोस," व्यंकटराव म्हणाले. तिने त्या कोऱ्या जागेत शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिले, 'अप्पाराव खरात, लासूर स्टेशन'. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग वही काखेत मारली, मला हातात घेतले, आणि "आजोबांना दाखवून आणते" एवढे सांगून ती जिना उतरू लागली, प्रत्येक पायरीवर मला वाजवत.