आम्ही की आपण

“बाई, ‘मला एक मुलगी आहे’ याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात हो?” कोटाचे अस्तर उसवता उसवता टेलरकाकूंनी विचारले.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी शाळेत तीस वर्षे फ्रेंच शिकवले होते. विचारण्याचे कारण त्यांना ठाऊक होते. काकूंची लेक परदेशात सासरी होती. सातवा महिना, आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचे नाही असे बजावलेले. काकूंचा व्हिसा नामंजूर झाला होता. लेकीचे सारे आता विहीणबाई करत होत्या. त्यांना एकुलता एक मुलगा, आणि फ्रेंचखेरीज दुसरी भाषा येत नव्हती.

“लेक सांगेल की मध्ये पडून.”

“ती सगळं गोड करून सांगते. हे मलाच सांगायचंय. एवढं कळलं की पुढचं त्यांना सांगावं लागणार नाही. त्याही आईच आहेत.”

बाईंनी कटिंगच्या खाकी कागदावर खडूने क्रियापद मांडले. “आव्वार.”

“आवर? ते तर मी रोज स्वतःलाच सांगते.”

“आव्वार! म्हणजे असणं. झे, मला आहे. वू झावे, तुम्हाला आहे. नू झावों, आम्हाला आहे.”

“कात्रीलाही हेच आणि लेकीलाही हेच? कात्री माझ्याकडे असते, बाई. मुलगी मला असते.”

“त्यांच्यात एकच.”

“आणि ते नू म्हणजे आम्ही की आपण?”

बाईंचा खडू थांबला. तीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. “दोन्ही.”

“मग ऐकणाऱ्याला कसं कळायचं, त्याला धरलंय की वगळलंय?”

“ज्याचं त्यानं ओळखायचं.”

आठवडाभर काकूंनी शिलाई मशीनच्या ठेक्यावर ‘झे यून फिय्’, मला एक मुलगी आहे, असे घोकले. रविवारी दुपारी फोन लागला तेव्हा धीर म्हणून बाई शेजारी बसल्या. काकूंनी गळ्यातली टेप काढली, केस सारखे केले. पडद्यावर विहीणबाई लेकीच्या उशाशी बसल्या होत्या, हातात सूपचा वाडगा. लेकीचा नुकताच डोळा लागला होता.

विहिणीशी बोलायचे तर ‘मी’पासून सुरुवात कशी करणार? काकूंच्या तोंडून मानाचाच शब्द निघाला.

“वू झावे यून फिय्.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, तुम्ही ‘तुम्हाला मुलगी आहे’ म्हणालात!” त्या कुजबुजल्या.

काकूंचा चेहरा उतरला. आठवडाभराची मेहनत पाण्यात गेली, आणि पदरातली लेकही आपल्याच तोंडाने देऊन टाकली.

वाडगा खाली ठेवून विहीणबाईंनी झोपलेल्या सुनेच्या मानेखाली अडकलेले केस अलगद सोडवले. लेक लहान असताना काकू अगदी तसेच सोडवायच्या. मग पडद्याकडे पाहत, शिकाऊ माणसाला कळावे इतक्या सावकाश त्या म्हणाल्या, “नू झावों यून फिय्.”

“नू म्हणजे...” बाई घाईने समजावू लागल्या, “त्या आणि त्यांचे यजमान, असंही असू शकतं हं.”

“नाही हो,” काकूंनी डोळे पुसले. “आपण. आता ‘हो’ कसं म्हणायचं तेवढं सांगा. लवकर.”