बाविसावी जोडी

मोजणीबाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले, चष्मा काढला आणि टेबलावर आपटला. गेल्या आठ दिवसांत त्या चष्म्याने बराच मार खाल्ला होता.

"गोळा! पुन्हा गोळाच!"

पलीकडच्या टेबलावर डॉक्टरबाई अहवाल लिहीत बसल्या होत्या. विभागाच्या प्रमुख त्याच, पण वयाने मोजणीबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, म्हणून त्यांना 'ताई' म्हणत. त्या उठून आल्या, आत डोकावल्या आणि परत जाऊन अहवाल लिहू लागल्या. ते मोजणीबाईंना फार लागलं.

'मोजणीबाई' हे नाव पडलं ते कामावरून. सव्वीस वर्षं बाई एकच गोष्ट मोजत होत्या: माणसाच्या पेशीतली गुणसूत्रं. सेहेचाळीस असतात, तेवीस जोड्या. एखादं जास्त, एखादं कमी, एखाद्याचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटलेला, हे शोधून काढायचं. अडचण अशी, की एरवी ही गुणसूत्रं पेशीच्या केंद्रकात सुताच्या गुंत्यासारखी पडलेली असतात आणि ओळखू येत नाहीत. पेशी दुभंगायला निघाली की मात्र तिची आवराआवर सुरू होते. घर बदलायला निघालेल्या बाईसारखी ती एकेक सूत गुंडाळून आखूड, जाड, नीटस पुडकी बांधते. प्रत्येकाची नक्कल आधीच तयार असते. ती पुडकी मधोमध रांगेत लागतात, आणि मग दोन बाजूंना ओढली जाऊन एकीच्या दोन पेशी होतात. बाईंना ती हवी असे रांग लागायच्या वेळची. एका औषधाने ही ओढाओढ थांबवायची, मग पेशी पातळ खाऱ्या पाण्यात टम्म फुगवायची, आणि हातभर उंचीवरून तो थेंब काचेच्या स्लाइडवर टाकायचा. थेंब आपटतो, पेशी पसरते आणि तिची सेहेचाळीस पुडकी मोकळी होऊन पडतात.

पडतात म्हणजे पडायची. आठ दिवसांपूर्वी नव्या इमारतीत आल्यापासून एकही धड पडली नव्हती. सगळी एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली.

"ताई, हात थरथरतोय का तुमचा?" डॉक्टरबाईंनी शेवटी विचारलंच.

"माझा हात?" बाईंच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. "माझा हात तुमच्या जन्माआधीपासून थेंब टाकतोय!" हे काही खरं नव्हतं, पण डॉक्टरबाईंनी हिशेब काढला नाही.

वाद हाताचा असता तर बाईंनी तो आनंदाने आठवडाभर चालवला असता. पण आज स्टँडमध्ये जी बोटभर नळी उभी होती, ती बाटलीकाकांची होती. नळीच्या तळाशी पेशींचा पांढुरका थर उरला होता, फार तर पाच-सहा थेंबांचा. बाकीच्याचे गोळे होऊन गेले होते.

बाटलीकाका म्हणजे प्रयोगशाळेतल्या बाटल्या, नळ्या आणि स्लाइड धुणारे काका. नाव ऐकून नव्या माणसाला भलताच संशय येई. प्रत्यक्षात काका इतके सोवळे, की चहासुद्धा फिक्का घेत. दोन आठवड्यांपूर्वी कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी झाली आणि काकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी मोजायच्या यंत्राने हात टेकले. वीसपट! काकांना थोडा थकवा होता, डाव्या कुशीत जड वाटत होतं, बाकी काही नाही. रक्ताच्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली आणि स्वच्छ सांगितलं: हा रक्ताचा कर्करोग दोन प्रकारचा असू शकतो. एका प्रकारात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे तुटतात आणि अदलाबदल होते. तसं असेल तर त्यावर नेमकी गोळी आहे, रोज घ्यायची, माणूस वर्षानुवर्षं कामावर जातो. तसं नसेल, तर औषधं जहाल आणि भरवसा कमी. अहवाल आज संध्याकाळपर्यंत हवा होता, कारण काकांच्या पेशी थांबायला तयार नव्हत्या आणि उद्या सकाळी इकडचं किंवा तिकडचं औषध सुरू करायचंच होतं. दुसरी एक तपासणी बाहेरगावी पाठवली होती, तिचं उत्तर यायला तीन आठवडे.

म्हणजे सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच बाई तुटलेलं सापडावं म्हणून जीव टाकत होत्या. सगळं सरळ निघालं तर काकांची धडगत नव्हती.

दुपारी बारा वाजता बाईंच्या डोक्यात आलं, की स्लाइडच तेलकट असल्या तर? काच स्वच्छ नसेल तर पेशी पसरणार कशी? आठ दिवसांपासून काका आजारी, म्हणजे धुण्यात हयगय होत असणार. काकांनी धुतलेल्या स्लाइडचा डबा बाईंनी उचलला आणि तरातरा धुण्याच्या खोलीकडे निघाल्या.

ही खोली नव्या इमारतीत मजल्याच्या पार टोकाला होती. दार उघडताच वाफेचा लोट अंगावर आला आणि बाईंचा चष्मा पांढरा झाला. आत विजेच्या शेगडीवर काकांचं ते प्रसिद्ध पातेलं खदखदत होतं. काका कोपरापर्यंत फेसात होते.

"तुम्हाला आजपासून सुट्टी दिलीय ना?" बाई खेकसल्या.

"घरी बसून काय करू? तुमची काकू माझ्याकडे बघून रडते, मी तिच्याकडे बघून जेवतो. त्यापेक्षा इथं बरं." काकांनी हात पुसले. "माझी स्लाइड झाली का?"

बाईंनी डबा पुढे केला. "या कशा धुतल्यात?"

"कशा म्हणजे? नेहमीसारख्या. साबण, मग उकळतं पाणी, मग तीनदा साधं, मग स्पिरिट."

"तेलकट राहतायत."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कर्करोग झालाय म्हटल्यावर माणूस एवढा दुखावला नव्हता. "तेलकट? माझी स्लाइड?" त्यांनी एक उचलून नळाखाली धरली. पाणी काचेवरून अखंड, एकसारखं घसरलं. कुठे एक थेंब अडला नाही. "बघा! तेल असतं तर पाणी असं गेलं असतं? बाई, आता एक करा. नळी आणा आणि इथं, माझ्यासमोर टाका. दूध का दूध, पाणी का पाणी होऊन जाऊ दे!"

बाई इरेला पेटल्या. तशाच मागे गेल्या आणि फ्रीजमधून एक जुनी नळी घेऊन आल्या. जुन्या इमारतीत हा नमुना झकास उघडला होता, अहवाल कधीच गेला होता. परवा उरलेल्यातला थेंब त्यांनी मुद्दाम नव्या खोलीत टाकून पाहिला, तर त्याचाही गोळा! आता तोच नमुना, तोच हात, तीच काच. पातेल्यापासून दोन पावलांवर त्यांनी कोपर उचललं आणि थेंब सोडला. टप्. काचेवर ओलसर चकती पसरली, क्षणभर थांबली आणि सावकाश, कडेकडून सुकत आली.

सावकाश! तिकडे तर थेंब पडता पडता वाळत होता.

बाई स्लाइड घेऊन पळाल्या. काका मागोमाग, ओल्या हातांनी. रंग दिला नसला तरी पसरलंय की गोळा झालंय एवढं कळतं. बाईंनी डोळा लावला आणि तोंडून किंकाळीच निघाली.

"उघडल्या! अहो उघडल्या! हे बघा डॉक्टरबाई, अख्खं शेत पेरल्यासारखं!"

डॉक्टरबाई धावत आल्या. "पण हा तर परवाचाच नमुना! काय केलंत काय?"

बाईंनी मान वर केली. त्या छताकडे बघत होत्या. छतातून चोवीस तास थंड, कोरडी, खडखडीत हवा येत होती. नव्या प्रयोगशाळेचा सगळ्यांना अभिमान होता तो या हवेचाच. जुन्या जागेत काकांची मोरी त्याच खोलीच्या कोपऱ्यात होती आणि पातेलं दिवसभर खदखदत असायचं. चष्मे धुरकट, कागद कुरळे, कपाळावर घाम. त्या दमट हवेत थेंब हळू सुकायचा आणि गुणसूत्रांना हातपाय पसरायला वेळ मिळायचा. सव्वीस वर्षं बाईंच्या हाताची जी ख्याती होती, तिच्यातली निम्मी त्या पातेल्याची होती.

"आणि मी अर्ज केला होता," बाई हळूच म्हणाल्या. "नव्या इमारतीत यांची मोरी लांब ठेवा म्हणून. वाफेचा त्रास होतो म्हणून. पहिली सही माझी." त्यांनी कपाळावर हात मारला.

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "अर्ज टाइप करून आणायला मलाच पाठवलं होतंत तुम्ही."

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण लाजायलाही वेळ नव्हता. साडेबारा वाजले होते. त्यांनी स्टँडमधली नळी उचलली.

"ही माझी ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"किती उरलंय?"

"पुरेल," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःला त्याची मुळीच खात्री नव्हती.

धुण्याच्या खोलीत तिघं गेली. डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. काकांनी ढवळून पातेल्याची वाफ वाढवली, एक स्लाइड दिव्यासमोर धरून पारखली, कडेला धरून बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी श्वास रोखला. एक थेंब. दुसरा. चौथ्या स्लाइडला नळी कोरडी पडली. शेवटच्या थेंबाला बाईंनी दुसऱ्या हाताने आपलं मनगट घट्ट धरलं.

मग तासभर स्लाइड गरम पेटीत. त्या तासात बाईंनी टेबल तीन वेळा पुसलं, डॉक्टरबाईंनी एकच ओळ चार वेळा लिहिली, आणि काकूंचा फोन आला तेव्हा काकांनी "अगं चाललंय, सगळे माझीच धुणी धुतायत" असं सांगून ठेवून दिला. मग एक द्रव, मग जांभळा रंग, मग पाणी. रंग चढला की प्रत्येक गुणसूत्रावर आडवे पट्टे उमटतात, कुठे गडद कुठे फिके. त्या पट्ट्यांवरून बाई गुणसूत्र ओळखत. शेजाऱ्यांची पोरं पाठमोरी ओळखावीत तशा.

पहिली पेशी सापडली. लांब हातपाय पसरलेली, सुंदर. बाई मोजू लागल्या, ओठ हलत होते. चाळीस, एकेचाळीस... सेहेचाळीस. बरोबर. आकडा बरोबर म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, अदलाबदलीत आकडा बदलतच नाही. आता जोड्या. पहिली जोडी, तिसरी, सातवी... नववी. एक नववं नेहमीसारखं. दुसरं कुठाय? ते पलीकडे काठाला होतं. त्याचं शेपूट लांब होतं. बाईंनी डोळे मिटले, उघडले. तरी लांबच. आता बावीस. सगळ्यात चिमुकल्यांपैकी. एक सापडलं. दुसरं... दुसरं इतकं इवलंसं, की रंगाचा ठिपका समजून एखाद्याने सोडून दिलं असतं.

बाईंनी घाईने काही म्हटलं नाही. दुसरी पेशी पाहिली. तेच. तिसरी. तेच! सहावी, नववी, तेच, तेच! त्या इतक्या झटक्यात उठल्या की स्टूल उलटं झालं.

"तुटलंय!" त्या ओरडल्या. "डॉक्टरबाई, तुटलंय! बावीस तुटलंय, नवाला चिकटलंय!"

डॉक्टरबाईंनी बसून पाहिलं, आणखी दहा पेशी पाहिल्या, आणि त्या नेहमी मोजूनमापून बोलणाऱ्या बाईने दोन्ही हातांनी टेबल बडवलं. मोजणीबाई तोवर दाराबाहेर गेल्या होत्या. पंचावन्न वर्षांच्या, गुडघ्यांची तक्रार असलेल्या मोजणीबाई मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पदर खोचून पळत होत्या आणि ओरडत होत्या, "काका, तुटलंय हो, तुटलंय!" शेजारच्या विभागातली माणसं काय फुटलं म्हणून झाडू घेऊन बाहेर आली.

काका पातेल्याशी, दाराकडे पाठ करून उभे होते. वळले नाहीत.

"तुटलंय म्हणजे चांगलं ना?" त्यांनी विचारलं. "गोळीवालं?"

"गोळीवालं! पाहिल्या तेवढ्या सगळ्या पेशींत! रक्ताच्या डॉक्टरांना डॉक्टरबाई आता फोन करतील."

काका हळूच स्टुलावर बसले. फेसाचे हात मांडीवर तसेच राहिले, पँट भिजत गेली. बाईंना वाटलं आता रडतील, म्हणून त्या मन घट्ट करून उभ्या राहिल्या. धीराचे दोन शब्द जुळवूनही झाले होते.

"बाई," काकांनी मान वर करून विचारलं, "ती गोळी जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांनाच रडू फुटलं.