फौजेचं विड्रॉल

“आठ दिवसांत गोरख्या ह्याच उंबऱ्यावर येऊन हात जोडंल. न्हाई जोडलं तर ही मिशी उतरवीन,” असं धनाजी हवालदारानं बायकोला ठणकावून सांगितलं. आणि आठ दिवसांच्या आत गोरख खरंच उंबऱ्यावर आला. फक्त त्याला हात जोडता येईनात, कारण दोन्ही हातांत मक्याच्या कणसांची पाटी होती आणि तोंडावर दया.

हे असं उलटं का झालं, ते सांगायला पंधरा ऑगस्टपासून सुरुवात करावी लागते. किंवा कुत्र्यांपासून.

धनाजीनं फौजेतली उभी नोकरी लंगरखान्यात काढली होती. निवृत्त होऊन पानशेतच्या वरच्या अंगाला आपल्या गावी परत आला, तेव्हा त्यानं दोन जर्मन कुत्री आणली. एकाचं नाव मेजर, दुसऱ्याचं कर्नल. ज्यांच्या ताटात जन्मभर गरम चपाती टाकली, त्यांना आता ‘बस’ म्हटलं की बसावं लागायचं. एवढ्यासाठी माणूस निवृत्तीनंतर जगतो.

छू आणि यू-यू ही गावठी भाषा धनाजीला मंजूर नव्हती. पुढं धावायचं म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स’, सगळं टाकून माघारी यायचं म्हणजे ‘विड्रॉल’. साहेबलोकांच्या तोंडून त्यानं तेच ऐकलं होतं, निदान त्याच्या कानाला तसं ऐकू आलं होतं. गावाला हे दोन्ही शब्द बँकेतले म्हणून माहीत होते. कुत्र्यांना बँक माहीत नव्हती. कोण बोलतंय याच्याशीही त्यांना देणंघेणं नव्हतं, शब्द कानावर पडला की झालं.

ह्या परदेशी फौजेमुळं त्या अख्ख्या उतारावर वानर फिरकत नव्हतं. धनाजीचं रान म्हणजे सगळं भात, त्याला वानरं तशीही तोंड लावत नाहीत. खरी चैन होती बांधापलीकडच्या गोरखची. तो मका लावायचा आणि शेताच्या कडेलाच रस्त्यावर टपरी टाकून धरण बघायला आलेल्या पुणेकरांना कणसं भाजून विकायचा. म्हणजे कुत्री धनाजीची, त्यांची भाकरी धनाजीची आणि सुरक्षा गोरखची.

त्याबद्दल गोरखनं कधी आभार मानले नाहीत. उलट एका रविवारी तो पुण्याच्या एका साहेबाला पिठलं-भाकरीच्या ऑर्डरचा “थोडा अ‍ॅडव्हान्स टाका” म्हणाला, आणि मेजर-कर्नल बांध ओलांडून आले. साहेब पिठल्यात बसले. पिठलं गरम होतं. तेव्हापासून गोरखच्या मनात होतंच.

ते पंधरा ऑगस्टला बाहेर पडलं. शाळेपुढं झेंड्याला सगळे जमले होते, करोनाचे दिवस, तोंडाला मास्क. सरपंच म्हणाले, यंदा झेंडा आपल्या माजी सैनिकानं फडकवावा. धनाजी छाती काढून पुढं झाला, तेवढ्यात गोरखनं मास्क हनुवटीवर ओढला.

“हवालदार, बंदूक कधी धरली व्हती का नुसतं बटाटंच सोललं?”

सगळे हसले. मास्कमुळं नक्की कोण हसलं ते कळेना, त्यामुळं धनाजीला अख्ख्या गावाचाच राग धरावा लागला. पण मुख्य राग गोरखचा.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर काबूल पडलेलं दाखवत होते. अमेरिकेची फौज निघाली होती, विमानतळावर माणसांची झुंबड उडाली होती आणि एक टाय लावलेले गृहस्थ सांगत होते की परकी फौज निघून गेली की खरी झोप उडते ती शेजारच्या देशाची. लोंढे त्याच्या सीमेवर येतात, बंदुका त्याच्या बाजारात येतात, आणि कालपर्यंत फौजेच्या नावानं बोटं मोडणारा शेजारी उद्या तिच्याच नावानं रडतो.

धनाजी जेवता जेवता थांबला. हातातली भाकरी तशीच राहिली.

“ठके, आयकलंस का?”

“काय?” त्याची बायको ठकुबाई तांदूळ निवडत होती.

“फौज काडून घ्यायची. बास. शेजारी आपसूक मरतो. एक गोळी झाडाया लागत न्हाई.”

“आन् ही अमेरिका कुठं ऱ्हाते?”

“लई लांब. सात समुद्रापल्याड.”

“आन् तुमी?”

“म्या हितंच की.”

“मंग बगा आपलं,” असं म्हणून ठकुबाई खडे वेचायला लागली. धनाजीनं तिकडं लक्ष दिलं नाही आणि ती मिशीची प्रतिज्ञा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाच्या टपरीवर गेला. सूड गुपचूप घेण्यात त्याला गोडी नव्हती. शत्रूला आधी धाक बसला पाहिजे, ही फौजेची रीत.

“आयका समदे,” तो म्हणाला. “म्या विड्रॉल करतुया.”

भाजीचा टेम्पो चालवणाऱ्या पप्पूनं बशीतला चहा फुंकता फुंकता विचारलं, “कितीचं?”

“समदं.”

टपरीनं बशा खाली ठेवल्या. धनाजीला वाटलं, टरकली.

“आबा,” पप्पू हळूच म्हणाला, “घरी कुणी आजारी हाय का?”

“कुणी आजारी न्हाई. एकाची मस्ती जिरवायची हाय.”

“ते जिरवा. पर समदं काडू नगा. थोडं ऱ्हाऊ द्या, न्हाईतर खातं बंद पडतं.”

धनाजीला ह्यात काही अर्थ लागला नाही, पण सगळे आपल्याकडं घाबरून बघताहेत एवढं त्याला पुरेसं होतं. दुपारी पप्पूचाच टेम्पो सांगून त्यानं फौज हलवली. मेजर-कर्नल टेम्पोत चढेनात, तेव्हा ‘विड्रॉल’ म्हणत आत नळीचं हाड टाकलं. दोन्ही अधिकारी शिस्तीत चढले. पाबे घाटातनं, वेल्ह्यावरनं फौज कामथडीला पोचली, ठकुबाईचा भाऊ गेनू याच्याकडं. गेनूचं घर हायवेवरच्या मटण खानावळीच्या मागं. तोही रोज संध्याकाळी ‘विड्रॉल’ अशी हाक मारून कुत्र्यांपुढं हाडं टाकायला लागला. असली माघार कुठल्याच फौजेला मिळाली नसेल.

गावानं मात्र सरळ हिशोब लावला. हवालदारानं बँकेतलं सगळं काढलं, वर कुत्रीही विकली. बिचारा.

दोन दिवस वानरांनी झाडावरनं अंदाज घेतला. मग त्यांचा म्होरक्या, एक दांडगा हुप्प्या, बांधावर येऊन बसला, चौफेर बघितलं, आणि कुठनंच कुणी भुंकत नाही म्हटल्यावर टोळी मक्यात उतरली.

धनाजीनं ओट्यावर खुर्ची टाकली होती. हातात फौजेतला पांढरा मग्गा, मग्ग्यात चहा. वानरं कणीस मोडायची, सोलायची, एक चावा घ्यायची, फेकायची, की दुसरं. धनाजीला प्रत्येक कणसामागं एक बटाटा सोलला गेल्याचा आनंद होत होता. गोरख पत्र्याचा डबा बडवत इकडनं तिकडं पळत होता. गोफण होती, पण मारुतीरायाच्या लेकरांना दगड लागू नये म्हणून नेम चुकवून मारत होता, आणि नेम चुकवण्यात तो फार पक्का निघाला.

“डावीकडनं घुसत्याती रं,” धनाजी ओरडून सांगायचा. मदत म्हणून नाही, गोरखनं उजवीकडनं डावीकडं पळावं म्हणून.

अशी चैन चालली असताना गोरख पाटी घेऊन उंबऱ्यावर आला.

“आबा, आमाला कळलं समदं.”

“कळलं ना? मंग जोड हात.”

“पाटी कुठं ठिवू?” गोरखनं पाटी खाली ठेवली आणि डोळे पुसले. “तुमी येवढं अडचणीत, आन् म्या मूर्ख झेंड्यापुढं बटाट्याचं बोललो. वरच्या रानातलं वानरांनी निम्मं खाल्लं, उरलेलं आजच तोडून घेतलं. त्यातली पाटीभर तुमाला आणली. भाजून खावा.”

“अरं कसली अडचण?”

“समदं विड्रॉल केलं. कुत्री बी इकली. सांगायचं तरी आबा.”

“कुत्री इकली न्हाईत. फौज माघारी घेतली. तुझ्यामुळं. म्या तुझ्यावर सूड उगवतुया.”

“व्हय, व्हय,” गोरख म्हणाला, अगदी आजाऱ्याला म्हणावं तसं.

“अरं, त्या अमेरिकेनं नाय का—”

“अमेरिकेनं बी लई वाईट केलं तुमच्यासंगं.” मग तो आत वळून म्हणाला, “काकी, ह्यास्नी जरा जपा. आन् आबा, पुढच्या वर्साला माझ्याच मक्यात राखणीला बसा. खुर्ची म्या देतो. रिकामं बसलं की डोकं फिरतं माणसाचं.”

गोरख गेल्यावर धनाजी पाटीतली कणसं मोजायला बसला. ज्याचा सूड घ्यायचा त्याला सूड घेतल्याचंच कळत नसेल, तर तो सूड कुणाच्या खात्यावर मांडायचा? कणसं मात्र ठकुबाईनं भाजली, आणि ती गोड होती.

इथंपर्यंतही ठीक होतं. पण गोरखचं वरचं रान तोडून मोकळं झालं, आणि वानरांना मधला बांध ही काही मोठी गोष्ट नव्हती. धनाजीच्या भाताला ती शिवली नाहीत. ती घरावर आली. आधी वेलावरचा दुधी गेला, मग परसातले पेरू, मग टाकीचं झाकण. मग त्यांनी कौलं उचकटून खाली काय शिजतंय ते बघायला सुरुवात केली. दोन पिल्लं टीव्हीच्या छत्रीला झोके घ्यायला लागली, त्यामुळं टाय लावलेले गृहस्थ शेजाऱ्याच्या सुरक्षेचा मुद्दा मांडताना मधेच चौकटी-चौकटीचे व्हायचे. शेवटी हुप्प्यानं ओट्यावरचा मग्गा उचलला, आढ्यावर जाऊन बसला आणि वरनं धनाजीकडं बघत राहिला.

ठकुबाई उघड्या कौलातनं आभाळ बघत म्हणाली, “आवो, अमेरिकेच्या घरावर बी अशीच बसली का वो?”

धनाजीनं त्याच क्षणी गेनूला मोबाईल लावला.

पण नुसती कुत्री आणून त्याचं भागणार नव्हतं. हात जोडलेले पाहिजेत, गोरखचे, आणि समजून-उमजून. आठ दिवस भरत आले होते. गोरखची मागास पेरलेली खालची पट्टी, टपरीच्या मागची, अजून उभी होती आणि अर्धी टोळी आता त्यातच होती. धनाजी ठकुबाईला साक्षीला घेऊन टपरीवर गेला.

“गोरख्या, माझी कुत्री ही वानरं हुसकून दाखवत्याल. मंग तरी पटंल का, का तुझी राखण माझ्या जिवावर व्हती?”

“कुत्री हायती कुठं आबा?” गोरख अजून आजाऱ्याशीच बोलत होता.

“आली तर?”

“आली, आन् वानरं गेली, तर हात काय, पाय धरतो.”

“हातच जोड. उंबरा ऱ्हाऊ दे, हितंच जोड. ठके, तू बघायला ये.”

दुसऱ्या दिवशी पप्पूचा टेम्पो टपरीपुढं थांबला. पप्पूला लगेच कामथडीच्या पुढं सारोळ्याला भाजी भरायला जायचं होतं, म्हणून त्यानं इंजन बंदच केलं नाही. धनाजीनं मागची फळी पाडली. मेजर आणि कर्नल उतरले. हायवेच्या हाडांनी दोघांची पोटं आता खरोखरच वरिष्ठ अधिकाऱ्यांसारखी झाली होती.

गोरख बघतच राहिला. “म्हंजी इकली न्हाईत?”

धनाजीनं मिशीला पीळ दिला. छाती भरून म्हणाला, “अ‍ॅडव्हान्स.”

कुत्री धावली. जरा डुलत धावली, पण धावली. मक्यात एकच गोंधळ उडाला, वानरं पिल्लांना पोटाशी धरून झाडांवर गेली, आणि ती पट्टी स्वच्छ झाली. इतके दिवस ओट्यावरनं धनाजीला वानरं मक्यात घुसलेली गोड वाटत होती, आज पहिल्यांदा बाहेर पळालेली गोड वाटली.

“आबा,” गोरख सावकाश म्हणाला, त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. “म्हंजी तुमी मुद्दाम कुत्री काडून नेली? माझी कणसं खाल्ली जावीत म्हणून?”

“व्हय,” धनाजी म्हणाला. किती दिवसांनी त्याला कुणीतरी समजून घेतलं होतं. “सूड म्हंत्यात त्याला.”

गोरखनं एकदा मक्याकडं बघितलं, एकदा धनाजीकडं. शब्द दिला होता. हात वर यायला लागले. ठकुबाई पदर सावरून पुढं झाली.

तेवढ्यात गोरखचा मोबाईल वाजला. त्याची बायको बँकेत गेली होती. तिथं धड रेंज नव्हती आणि इथंही नव्हती, म्हणून गोरख डोंगराला ऐकू जाईल असं बोलला.

“व्हय, बोल. झालं का? अगं विड्रॉल. विड्रॉल झालं का, विड्रॉल?”

मेजर आणि कर्नल मक्यातनं बाहेर आले, कुणाकडंही न बघता रस्ता ओलांडला आणि टेम्पोत चढले. फळी वाजली म्हटल्यावर पप्पूला वाटलं, आत्ता कुठं माल उतरला. त्यानं कानात गाण्याची वायर घातली होती. टेम्पो वळणाआड गेला.

झाडावरनं हुप्प्या खाली उतरला. त्याच्या हातात मग्गा होता.

गोरखचा एक हात मोबाईलला होता, दुसरा अजून छातीपाशी अर्धवट होता. तो त्यानं मान खाजवायला नेला.

“एका हाताला जोडलं म्हंत न्हाईत,” ठकुबाईनं निकाल दिला.

“आन् आबा,” गोरख म्हणाला, “ती पाटीभर कणसं माघारी द्या माझी.”

आठ दिवस भरले, तशी धनाजीनं संध्याकाळी पानशेतच्या न्हाव्याकडं मिशी उतरवली. कुत्री पप्पूच्या टेम्पोतनं पुन्हा गेनूच्या हाडांवर पोचली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तो यष्टीनं ती आणायला कामथडीला गेला. बिनमिशीचा माणूस मेजरनं ओळखला नाही. चावा डाव्या पोटरीला बसला.