रेसची दांडी

मित्रांनो, गोठ्यातल्या खुंटीला टांगलेले हे काळे, तेलकट धूड पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना फवारणीचा पंप आहे. खरे तर पंपाचे टू-स्ट्रोक इंजिन. टाकी आणि नळी कधीच गेली. पण तांड्यावर सगळे मला पंपच म्हणत, म्हणून मीही स्वतःला तेच म्हणवतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतात ते घाटंजीच्या दुकानातून मला उचलणारे देवसिंगचे हात. पेट्रोलमध्ये ऑइल कालवून पाजायचे, दोरी ओढायची, की मी ओरडत सुटे. मला पाठीवर बांधून देवसिंग पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या उभ्या पिकातून, फिरे आणि फवारणी करी. फवारणाऱ्याचा एक हात नळीत गुंतलेला असतो. म्हणून आम्हा पंपांची रेसची, म्हणजे वेग वाढवायची, दांडी एकदा लावली की तिथेच राहते. बोट काढले तरी ती मागे येत नाही. शेतात हा आमचा मोठा गुण मानतात.

देवसिंगने माझे कौतुकही केले. संध्याकाळी तो मला फडक्याने पुसून कोरडे करी आणि शेजाऱ्याला सांगे, असा पंप तांड्यात दुसरा नाही. मी फुगून जाई.

मग एका भादव्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. वारा फवाऱ्याचे विष तोंडावर उडवत होता आणि देवसिंगच्या नाकाला नुसता रुमाल. संध्याकाळी तो घरी आला तो भिंत चाचपत. यवतमाळच्या दवाखान्यातून जीव घेऊन परतला, पण नजर अंधूक झाली आणि हात कापू लागले. त्याच्या बायकोने, रुक्माबाईने, मला उचलून गोठ्यात फेकले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. तिला दोष कसा देऊ?

देवसिंगचा मुलगा सुनील घाटंजीच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागला. घर आता त्याच्यावर होते. तांड्यावर येणारी एसटी बंद झाली होती, आणि जिनिंगचे फाटक एकदा लागले की उशिरा आलेल्याची जागा दुसऱ्याला मिळे. मधे टेकडीचा मोठा चढ. सायकल ढकलत पोचेपर्यंत सुनीलचा दम निघे. दोनदा तो फाटकावरून परत आला. तिसऱ्यांदा आलास तर येऊच नको, असे मुकादमाने बजावले.

मग त्याने सायकलला इंजिन लावायचे मनावर घेतले. घाटंजीत अमरचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. अमरने सगळे समजावून सांगितले. मागवता येणारा तयार संच चांगला, पण आवाक्याबाहेर. भंगारातल्या मोपेडचे इंजिन दणकट, पण सायकलच्या सांगाड्याला जड. गवत कापायच्या यंत्राचे हलके, पण त्याचे सामान इथे मिळत नाही. तेव्हा सुनीलला मी आठवलो. घरचाच, फुकटचा.

कोंबड्या उठल्या आणि मी पुन्हा जिवंत झालो. अमरने मला मागच्या चाकावर बसवले. माझा रोलर टायरला घासून चाक फिरवी. सपाटीवर मी वाऱ्यासारखा पळे. पण चढावर माझी छाती भरून येई आणि सुनीलला पायडल मारावे लागे. म्हणून त्याने माझी ताकद वाढवायचे ठरवले. मोपेडचा मोठा कार्बोरेटर आणला, रोलर बदलला, सायलेन्सर मोकळा केला. हे सगळे झाल्यावर मी टेकडी एका दमात चढलो. खोटे कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला.

अमर मात्र माझ्या दांडीकडे पाहत होता. त्याने बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग सुनीलच्या हातावर ठेवली.

"सुनीलभाऊ, हे पंपाची दांडी आहे. हात सोडला तरी रेस उतरत नाही. हे स्प्रिंग लावून घे, अन् ब्रेकचे रबर बदल."

सुनीलने स्प्रिंग शर्टाच्या खिशात टाकली. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा लावू, म्हणाला. इतकी वर्षे शेतात बापाने आणि त्यानेही हीच दांडी वापरली होती. बोटांना तिची सवय होती.

घरी देवसिंगने मला हाताने चाचपून पाहिले. त्याचे पूर्वज लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर नेत.

"आमचा आजा बैल घेताना त्याले उतारावर पाहे," तो म्हणाला. "चढणारे बैल लय भेटतात. पाठीवर ओझं असताना जो उतारात थांबते, तोच घ्यावा."

सुनील हसला. बा, हा बैल नाही, म्हणाला.

त्याच शनिवारी घाटंजीत, जिनिंगच्या वाटेवरच, डोळ्यांचे शिबिर होते. नजर थोडी जरी सुधारली तरी पुरे, या आशेवर देवसिंग मागच्या कॅरियरवर बसला. रुक्माबाईला हे पसंत नव्हते. पण मुलाने एवढ्या हौसेने केले आहे, तर बसू दे, असे देवसिंगच म्हणाला.

आम्ही टेकडी चढलो. दोघांचे ओझे असूनही चढलो. माथ्यावर सुनीलने दांडी पुरती खाली घ्यायला हवी होती. तो बापाशी बोलण्यात रमला होता. उतार लागला आणि वळणावर शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडताना दिसला. सुनीलने दोन्ही हातांनी ब्रेक आवळले. हात ब्रेकवर, दांडी वरच, आणि मी पूर्ण ताकदीने ढकलतो आहे. बंद करायचे बटण सीटखाली राहिले होते. झिजलेल्या रबरांचा जळका वास आला. देवसिंगने दोन्ही पाय जमिनीला लावले, पोराला थांबवायला.

सुनीलचा हात मोडला. देवसिंग रस्त्याच्या कडेच्या दगडावर पडला, तो उठला नाही.

मित्रांनो, मला जे सांगितले ते मी केले. पळ म्हटले, पळालो. थांब असे मला सांगायची सोयच कुणी केली नव्हती.

जिनिंगची जागा गेली. सायकल भंगारात गेली. मला भंगारात देऊ नको, असे सुनीलने सांगितले आणि इथे टांगले. परवा शेजारच्या तांड्यावरचा एक तरुण मला विकत मागायला आला होता. त्यालाही सायकलला इंजिन लावायचे आहे. ताकद किती, चढ चढतो का, हेच त्याने विचारले.

सुनीलने माझ्या दांडीवर हात ठेवला. मग म्हणाला, "थांबते कसा, हे नाही विचारलं तू."

आणि त्याने मला दिले नाही.

आता मी कुठेच जात नाही. तरी सुनीलने ती स्प्रिंग माझ्या दांडीला लावली आहे. वाकड्या जुळलेल्या हाताने, एकट्यानेच बसवली. समोर देवसिंगची खाट रिकामी असते. सुनील येतो, माझी दांडी वर ओढतो आणि सोडतो. ती लगेच मागे येते. तो पुन्हा ओढतो, पुन्हा सोडतो. रुक्माबाई दारातून बघते.

मित्रांनो, माझ्यासारख्याला ताकद खुशाल द्या. पण खिशातली स्प्रिंग रविवारवर ढकलू नका. त्या आठवड्याचा रविवारही आला होता. तेव्हा तांड्यावर कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती.