विषय क्रमांक सात : मुखतपासणी

गौरजा मूळची वालावलची. मुंबईतल्या एका संस्थेत ती तोंडाच्या कर्करोगावर संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी तिने आपल्याच भागात एक साधं काम सुरू केलं. गावोगावच्या आशाताईंनी बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन घरोघरी जायचं, लोकांची तोंडं आतून बघायची, पांढरा किंवा लाल डाग दिसला की डॉक्टरांकडे पाठवायचं. असा डाग म्हणजे कर्करोग नव्हे, पण काही डागांचा पुढे कर्करोग होतो. कोणत्या डागाचा होतो आणि कोणत्याचा नाही, हे कळायला तीच तोंडं वर्षानुवर्षं बघत राहावी लागतात.

संस्थेचा निधी मार्चमध्ये संपत होता. जिल्ह्याने हे काम आपल्या आराखड्यात घेतलं तरच ते पुढे चालणार होतं. त्यासाठी ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात, समितीपुढे तिला दहा मिनिटं मिळाली होती.

आदल्या दिवशी सकाळी ती गावातल्या तुळसाकडे गेली. तुळसाच्या गालात आतून डाग सापडला होता, मिश्री दाबून ठेवायची तिथेच. तो वेळेत काढला आणि तुळसा ठणठणीत झाली. समितीला दाखवायच्या फोटोंत तिच्या तोंडाचे दोन फोटो होते, आधीचा आणि नंतरचा.

अंगणात कुळीथ पाखडता पाखडता तुळसाने ते पाहिले.

"ह्ये काढ गो."

"तुझा नाव खंय घातलंय? नुसतो गाल नि दात."

"आणि ह्यो अर्धो मोडको दात? सोड्याच्या बाटलीचा झाकण दातान काढूक गेलंय तेवा मोडलो, ह्या अख्ख्या वालावलाक म्हायत आसा."

"पण तू सही केलंस मा?"

"केलंय. तेवा माझ्या पूजाच्या लग्नाचा काय नव्हता. ऐतवारी मिठबावचे पावणे येतत तिका बघूक."

"तू बरी झालंस मगे?"

"ता तुका म्हायत, माका म्हायत. पावण्यांका तू जावन सांगतलंस?"

गौरजाला हसू आलं.

संध्याकाळी संस्थेतल्या गंधारचा फोन आला. त्याने अशा बऱ्याच बैठका पाहिल्या होत्या.

"सही आहे ना तिची? मग ठेव फोटो. आकडे ऐकून कोणी हलत नाही, गौरजा. समोर माणूस दिसावा लागतो."

"इथे दिसला की जिल्हाभर दिसतो," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही फोटो काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी सातवा विषय यायला दुपारचे साडेतीन वाजले. अध्यक्षा शर्मिष्ठाताईंनी लक्ष देऊन ऐकलं. शिरोड्याकडचे सदस्य सत्यवानभाऊ सुपारी चघळत कागद उलटत होते.

"मॅडम, बाराशे तोंडं बघितली, एकवीस डाग सापडले," ते म्हणाले. "त्या एकविसांतला एक तरी माणूस आणायचा. की आम्ही नुसत्या कागदावर विश्वास ठेवायचा?"

"माणूस आणता येत नाही, भाऊ. लोक हा आजार लपवतात. लपवतात म्हणूनच त्यांच्या घरी जावं लागतं."

"रस्ता मागा, साकव मागा, लगेच देऊ. तोंडं कसली बघता?"

चारजण हसले. गौरजाने घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं उरली होती.

"मग आपली आपणच बघूया," ती म्हणाली. "हाताची मधली तीन बोटं जोडा. एकावर एक येतील अशी उभी धरा, आणि पुढच्या दातांमध्ये घाला. सहज गेली पाहिजेत."

पहिली बोटं शर्मिष्ठाताईंनीच घातली. "गेली!" त्या म्हणाल्या. मग सगळ्यांनी आ केला. "आमच्या बांधकाम साहेबांची पाचही जातील," कोणीतरी म्हणालं, आणि तोंडात बोटं असताना हसणं किती कठीण असतं ते सगळ्यांना कळलं.

गौरजा एकेका चेहऱ्याकडे बघत होती. सत्यवानभाऊंची दोन बोटं गेली, तिसरं दातांवर अडलं. त्यांनी पुन्हा एकदा रेटून बघितलं. मग हात खाली घेऊन रुमालाला पुसला आणि तिच्याकडे पाहिलं.

"दोनच गेली तर काय समजायचं?" शर्मिष्ठाताईंनी विचारलं.

माणूस आता समोर होता, चार खुर्च्या पलीकडे. त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. गौरजाने नजर शर्मिष्ठाताईंवर ठेवली.

"सुपारीने गाल आतून ताठ होतो. तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, आणि ते माणसाच्या लक्षातही येत नाही. हाही कर्करोग नव्हे. पण सुपारी बंद करून डॉक्टरांना दाखवायला हवं."

"इथे कोणाची अडली की काय?"

"ते ज्याचं त्याने बघायचं, ताई. आमच्या आशाताईसुद्धा एका घरचं दुसऱ्या घरी सांगत नाहीत."

शर्मिष्ठाताईंनी मान डोलावली. "काम चांगलं आहे. पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढची बैठक जूनमध्ये होती. गौरजा कागद आवरू लागली.

"जूनापर्यंत कित्याक थांबूचा?" सत्यवानभाऊ म्हणाले. बैठकीत ते कधी मालवणी बोलत नसत.

"भाऊ, आत्ताच तुम्ही कागदावर विश्वास नाही म्हणालात!" शर्मिष्ठाताई म्हणाल्या.

"म्हणालो होतो. आता म्हणतो, आजच घ्या. आणि शिरोडासुद्धा घाला त्यात."

त्यांनी विरोध सोडल्यावर विरोध करायला कोणी उरलं नाही. कारकुनाने सातव्या विषयापुढे 'मंजूर' लिहिलं.

गौरजा जिन्यापर्यंत पोचली तेव्हा मागून हाक आली.

"बाय, तुमचा काम शिरोड्याक एप्रिलात येतला. तोपर्यंत थांबलंय तर चलात?"

"नाही चालणार, भाऊ. उद्या सकाळी डॉक्टरांना घेऊन तुमच्याकडे येते."

सत्यवानभाऊंनी आजूबाजूला बघून घेतलं.

"ये. पण मागल्या दारान ये गो."